कॉलेज बघायला जाताना वही घेऊन जा

बारावीचा निकाल लागला की आमच्या महिला मंडळाच्या शिवणवर्गात चार दिवस दुसरा विषय नसतो. कुणाच्या मुलीला किती टक्के पडले, कोण नर्सिंगला जाणार, कोण बी.कॉम. करणार, ही चर्चा मशीनच्या आवाजावर आवाज चढवून चालते. यंदा त्या गडबडीत आमच्या एक वहिनी माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, धाकटीलाही चित्रकलेलाच जायचंय. कॉलेज बघायला याल ना बरोबर? पण या वेळी वही घेऊन या हं."

त्या सहज बोलल्या, पण मला लागायचं ते लागलंच. कारण सात वर्षांपूर्वी त्यांच्या थोरलीच्या वेळीही मीच बरोबर गेले होते. आणि एकही प्रश्न न विचारता परत आले होते.

वहिनी घरी फॉल-पिको करतात. थोरलीचा हात लहानपणापासून चांगला. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांत 'ए' ग्रेड. शाळेतले ड्रॉइंगचे सर म्हणाले, हिला कलेच्या शिक्षणाला घाला. वर्तमानपत्रात एका संस्थेची मोठी जाहिरात आली होती. आम्ही तिघी एस.टी.नं शहरात गेलो. काचेची इमारत, गारेगार हॉल, चकचकीत माहितीपुस्तक! समोरची बाई गोड बोलत होती. मी बी.ए. झालेली, चारचौघांत भाषणं करणारी. पण तिथं चहा पिऊन नुसती मान हलवत बसले. वहिनींनी पतसंस्थेचं कर्ज काढून फी भरली.

तीन वर्षांनी पोरीच्या हातात जे पडलं, ते त्या संस्थेचं स्वतःचं प्रमाणपत्र होतं. ती पुढे एम.एफ.ए.चा अर्ज भरायला गेली, तेव्हा खिडकीतल्या क्लार्कनं विचारलं, "पदवी कोणत्या विद्यापीठाची?" उत्तरच नव्हतं. आज ती एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनचं काम करते. काम उत्तम करते, त्यात कमीपणा काहीच नाही. पण पुढे शिकायचं तिचं दार बंद झालं, आणि कर्जाचे हप्ते मागच्या वर्षापर्यंत चालू होते.

फसवणूक झाली, असं तरी कसं म्हणू? माहितीपुस्तकात बारीक अक्षरांत 'डिप्लोमा' असंच छापलेलं होतं. आम्ही वाचलंच नाही. मैत्रिणींनो, भाजी घेताना आपण वांगं उलटं करून बघतो, साडी घेताना पदर उलगडून उजेडात धरतो. मग मुलीची चार वर्षं आणि घरातले लाखभर रुपये जिथं ठेवायचे, तिथं आपली जीभ का अडखळते? "आपल्याला चित्रकलेतलं काय कळतं" या भीतीनंच ना? पण जे विचारायचं असतं, त्यातलं निम्मं तरी चित्रकलेचं नसतंच. ते संसाराचंच असतं.

म्हणून या वेळी आम्ही आधी वही भरली. त्यातलं थोडं तुम्हालाही सांगते.

पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहिला: पदवी कोण देणार? १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेनं तसा अधिकार दिलेल्या संस्थेलाच असतो. निफ्टला तो २००६ च्या कायद्यानं मिळाला, अहमदाबादच्या एनआयडीला २०१४ च्या. मुंबईचं सर जे.जे. स्कूल ऑफ आर्ट तर १८५७ सालचं. २०२३ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. बाकीची कॉलेजं कुठल्या ना कुठल्या विद्यापीठाशी संलग्न असावी लागतात. तेव्हा विद्यापीठाचं नाव विचारा आणि घरी आल्यावर त्या विद्यापीठाच्या यादीत कॉलेज आहे का ते मुलीला मोबाइलवर बघायला सांगा. बनावट विद्यापीठांची यादीही आयोगाच्या वेबसाइटवर असते. डिप्लोमा वाईट असतो असं मुळीच नाही. शाळेत चित्रकला शिकवायची असेल, तर ए.टी.डी. म्हणजे कलाशिक्षक पदविका हा रस्ता. फक्त आपण काय घेतोय ते घेण्याआधी कळायला हवं.

दुसरं पान मुलीसाठी. "चित्रकलेला जायचंय" म्हणजे नेमकं कशाला? बी.एफ.ए. चार वर्षांचं, पण त्यात शाखा वेगवेगळ्या. रंगकला म्हणजे पेंटिंग. उपयोजित कला म्हणजे जाहिरात, पुस्तकांची मुखपृष्ठं, वेष्टनं, अक्षरांचं काम. शिवाय शिल्पकला आहे, मातीकाम आहे, वस्त्रकला आहे. प्रत्येक कॉलेजात सगळ्या शाखा नसतात. वस्तू कशी वापरली जाईल याचा विचार करायला आवडत असेल, तर डिझाइनची बी.डेस. ही पदवी वेगळी. आयआयटीतही ती मिळते आणि त्यासाठीची युसीड परीक्षा कला शाखेच्या मुलीलाही देता येते, हे मला परवा-परवापर्यंत माहीत नव्हतं! धाकटीला आम्ही विचारलं, "तुला रिकाम्या वेळात काय करायला आवडतं?" ती म्हणाली, लग्नपत्रिकांवरची अक्षरं गिरवायला. झालं की! उपयोजित कलेचा विचार तिथून सुरू झाला.

राज्याच्या कॉलेजांसाठी सीईटी असते. त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान असतं. म्हणजे बारावीनंतर जागं होऊन चालत नाही, तयारी अकरावीपासून हवी. धाकटीनं ती केली होती, ताईचं बघून शहाणी झालेली.

तिसरं पान मी सगळ्यांत महत्त्वाचं मानते. कॉलेजची इमारत बघू नका, शेवटच्या वर्षाच्या मुलांचं काम बघा. बऱ्याच कॉलेजांत वर्षातून एकदा विद्यार्थ्यांच्या कामाचं प्रदर्शन भरतं, तेव्हाच गेलात तर उत्तम. चित्र कळत नसलं तरी एक गोष्ट कुणालाही कळते. वीस मुलांची वीस चित्रं एकाच हातानं काढल्यासारखी दिसली, तर तिथं मुलांना वळण लावतात, पण त्यांचं स्वतःचं काही फुलू देत नाहीत. प्रत्येकाचं वेगळं दिसलं, एखाद्याचं फसलेलंही भिंतीवर लावलेलं असलं, तर समजावं की इथं करून बघायला मुभा आहे. मग तिथल्या मुलींना बाजूला घेऊन विचारा: सर रोज येतात का? कॉलेज सुटल्यावर काम करायला वर्ग उघडा मिळतो का? मुलींसाठी स्वच्छतागृह कसं आहे? मागच्या वर्षी बाहेर पडलेल्या मुली सध्या काय करतात? ऑफिसातलं उत्तर आणि जिन्यावरचं उत्तर यांत फरक पडला, तर जिन्यावरचं खरं माना.

चौथं पान हिशोबाचं. फी समजते, पण रंग, ब्रश, कागद, कॅनव्हास, छपाई यांचा खर्च वर्षभर झिरपत राहतो. उपयोजित कलेला तर पुढे कॉम्प्युटर लागतोच. वसतिगृह, खानावळ, येण्याजाण्याचे पैसे वेगळे. हे सगळं चार वर्षांचं एकत्र मांडा. शासनानं जुलै २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ केलं. "हे तुमच्याकडे, या कोर्सला लागू आहे का?" असं थेट विचारा. लाजू नका. आणि पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका.

आता घरातलं पाचवं पान. तिथं कुणीतरी म्हणतंच, "एवढ्या लांब मुलीला कशाला? रांगोळीचे, मेंदीचे क्लास घेईल की इथंच!" मला हे वाक्य चांगलं ओळखीचं आहे, कारण मी कलाशाखेची पदवीधर झाले ती कलेची म्हणून नव्हे, तर कॉलेज घरापासून दहा मिनिटांवर होतं म्हणून! चित्रकार बी. प्रभा या नागपूरजवळच्या बेला गावच्या. नागपूरला शिकून त्या मुंबईला जे.जे.त गेल्या, तेही गेल्या शतकाच्या पन्नाशीच्या सुमारास. त्यांनी जन्मभर रंगवल्या त्या कोळणी, कष्टकरी, खेड्यातल्या बायका. गाव सोडलं म्हणून गाव सुटत नाही. जवळचं कॉलेज चांगलं असेल तर जरूर घाला, मोठ्या नावामागं धावायची गरज नाही. पण ते 'चांगलं' म्हणून निवडा, नुसतं 'जवळचं' म्हणून नको.

आम्ही गेल्या आठवड्यात दोन कॉलेजं बघून आलो. पहिल्या ठिकाणी वहिनींनी वही उघडल्यावर समोरचे गृहस्थ हसले. दुसऱ्या ठिकाणी एका बाईंनी तीच वही हातात घेतली, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं आणि स्वतः वर्ग दाखवायला उठल्या. कुठलं नाव यादीत वर लिहायचं, हे आम्हाला एस.टी.त चर्चा करावीच लागली नाही.

येताना थोरलीही बरोबर होती. खिडकीशी बसून ती बहिणीला फॉर्म कसा भरायचा ते समजावून सांगत होती. मी मागच्या सीटवरून विचारलं, "तुझ्या वेळी मी हे विचारलं असतं तर?" ती वळून म्हणाली, "मावशी, आता विचारलंत ना." तिनं मला सोडवलं. पण मी स्वतःला एवढ्यात सोडणार नाही. म्हणून मंडळाच्या कपाटात आता ती वही ठेवून दिली आहे. ज्या आईला कॉलेज बघायला जायचं असेल, तिनं ती घेऊन जावी, येताना आपली दोन पानं वाढवावीत. तुमच्या गावच्या मंडळातही अशी एक वही करा ना! दोनशे पानी पुरते.