नाटक बघायला आपण का जायचं?

आपल्यापैकी बरेच जण घरातले पहिले पदवीधर. पुस्तकं आपण परीक्षेसाठी वाचली, सिनेमे मोबाईलवर पाहिले. तिकीट काढून नाटकाला जाणं मात्र आपल्या घरात कुणाला माहीत नव्हतं. नाटक म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो दिवाणखाना, सोफा आणि प्रमाण भाषा. त्या सोफ्यावर आपली माणसं क्वचितच बसलेली दिसली. म्हणून नाटक आपलं नाही, असं आपण धरून चाललो. पण इतिहास वेगळं सांगतो.

जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिलं. गरोदर बाईला आणि तिच्या नवऱ्याला ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी, आणि शेवटी शिकायला निघालेलं ते कुणबी जोडपं. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारलं. म्हणजे पहिल्या पिढीच्या शिक्षणावरचं नाटक मराठीत सुमारे एकशे सत्तर वर्षांपूर्वीच लिहून झालं होतं, फक्त ते लोकांपर्यंत जाऊ दिलं गेलं नाही. पुढे सत्यशोधक आणि आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले. सत्तरच्या दशकात प्रेमानंद गज्वींची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका आली. तिला दोन नट पुरतात आणि नेपथ्याचा खर्च जवळपास नाही. कमी माणसं, कमी वेळ, कमी पैसा हा आपल्या रंगभूमीचा जुना मार्ग आहे.

आज देशभरातले तरुण रंगकर्मी याच मार्गाने चाललेत. त्यांतले तीन प्रयोग मी आवर्जून सुचवेन.

पहिला, बेंगळुरूच्या श्री वामसी मट्टा यांचा ‘कम ईट विथ मी’. एकटा नट आपल्या घरातल्या अन्नाच्या गोष्टी सांगतो आणि प्रेक्षकांसोबत जेवतो. कुणाचं ताट ‘शुद्ध’ आणि कुणाचं ‘घाण’ हे कोण ठरवतं, हा प्रश्न तिथे भाषणातून येत नाही, घासासोबत येतो. डबा उघडताना ज्यांनी कधी आजूबाजूला पाहिलं असेल, त्यांना वेगळं समजावायला नको.

दुसरा, के. पी. लक्ष्मण दिग्दर्शित आणि जंगम कलेक्टिव्हने केलेला कन्नड प्रयोग ‘बॉब मार्ली फ्रॉम कोडिहळ्ळी’. गाव सोडून शहरात आलेली तरुण माणसं, त्यांनी लपवलेली जात, आणि लपवूनही न सुटलेली जात. आडनाव विचारलं की विषय बदलणाऱ्या आपल्या पिढीचंच हे नाटक आहे.

तिसरा, चेन्नईत २०१७ साली झालेला तमिळ ‘मंजळ’. भाषा सिंग यांच्या पुस्तकाच्या आधाराने जयराणी यांनी तो लिहिला, श्रीजित सुंदरम यांनी बसवला. विषय हाताने मैला साफ करणाऱ्या माणसांचा. त्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये झाला, तरी गटारातले मृत्यू थांबलेले नाहीत. बातमीत हे मृत्यू आकडा होतात. रंगमंचावर त्यांना आई असते, बायको असते, चिडणारा आवाज असतो.

मी समाजशास्त्रात पीएचडी करतोय. आमच्या विषयात आपल्या माणसांना ‘उत्तरदाते’ म्हणतात. प्रश्न संशोधकाचा, तक्ता संशोधकाचा, निष्कर्षही त्याचाच. नाटकात हे गणित उलटं होतं. तिथे आपला माणूस प्रश्न विचारतो आणि समोरच्या अंधारात बसलेल्यांना उत्तर शोधावं लागतं. प्रबंधाची गरज मी नाकारत नाही. पण प्रबंधात बाईचं मौन नोंदवता येतं, ते ऐकू येत नाही. रंगमंचावर ते ऐकू येतं.

एक अडचण मात्र आहे. असे प्रयोग पुष्कळदा महानगरांतल्या छोट्या सभागृहांत होतात. तिकीट महाग असतं, नंतरची चर्चा इंग्रजीत होते. सभागृहात फक्त सवर्ण प्रेक्षक असतील, तर आपलं जगणं त्यांच्यासाठी ‘माहिती’ होऊन बसतं. कुठल्या ओळीला हसायचं आणि कुठे गप्प व्हायचं, हे आपण तिथे असलो की बदलतं. म्हणून आपण जायला हवं. दोघा-चौघांनी मिळून जा. तिकीट परवडत नसेल तर आयोजकांना विद्यार्थी सवलत विचारा; विचारण्यात कमीपणा नाही.

आणि एवढ्यावर थांबू नका. हैदराबाद, दिल्ली, बेंगळुरूच्या वसतिगृहांत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या शेजारच्या खोलीत कन्नड, तमिळ, तेलुगू बोलणारे मित्र आहेत. दोघांनी मिळून एखादी संहिता मराठीत आणता येईल. लेखकाची परवानगी घ्या, जमेल तेवढं मानधन द्या. आपल्या लेखकालाही फुकट राबवायचं नाही, हाही जातविरोधी व्यवहारच आहे.

१४ एप्रिलला वस्तीत डीजे लागतो. त्याला नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. ज्या रस्त्यावरून चालायची बंदी होती, तिथे नाचणं हाही हक्कच आहे. पण मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी, बुद्धविहारासमोर, दोन नटांची अर्ध्या तासाची एकांकिका का होऊ नये? एक सतरंजी, एक माईक आणि वस्तीतलीच दोन पोरं लागतील. ‘घोटभर पाणी’पासून सुरुवात करा. पुढच्या वर्षीची एकांकिका तुमच्यापैकीच कुणीतरी लिहील.