वाण्याच्या वहीची साक्ष

दिवाळीच्या पाडव्याला नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढावयाचे, वर 'श्री' लिहावयाचा, आणि माळ्यावरच्या जुन्या वह्या तराजूत घालून रद्दीवाल्याच्या हवाली करावयाच्या, हा आमच्या सीमाभागात असा काही शिरस्ता होऊन बसला आहे की त्यात वावगे घडते असे कोणास वाटतही नाही. आम्हास वाटते. कोगनोळीपासून निपाणीपर्यंत गावोगावच्या जुन्या किराणा दुकानांची दप्तरे या रीतीने नाहीशी होत असता मुकाट्याने पाहत राहणे, हा आम्ही अपराधच समजतो.

आमच्याकडे इतिहास म्हटला की सनदा, तहनामे आणि वतनपत्रे आठवतात. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले. त्या कागदांना मान मिळाला तो योग्यच मिळाला. परंतु सनदेवरून राजाने काय दिले एवढे कळते. रयतेच्या चुलीवर काय शिजले ते कळावयाचे तर वाण्याच्या दारी गेले पाहिजे.

रोजकीर्दीत दिवसाची जमा आणि खर्च, खतावणीत गिऱ्हाईकवार उधारी. मीठ, गूळ, हळद, सुपारी, काड्यापेटी, घासलेट, खोबरेल, बैलांसाठी पेंड आणि कासऱ्याची दोरी. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. रक्कम लिहिताना पाव, अर्धा आणि पाऊण रुपया एक, दोन, तीन उभ्या रेघांनी दाखवीत. आजचा पदवीधर त्या रेघांकडे पाहून गोंधळात पडतो. बेंदराच्या आधी गुळाची खाती फुगतात, आणि याच मुलखात कर्नाटकी बेंदूर आणि महाराष्ट्रीय बेंदूर असे दोन सण आहेत, हेही ध्यानात असावे! मग वखारीतून तंबाखूचे पैसे हाती आले की वर्षाची उधारी एकदम फिटते, निदान फिटावी अशी अपेक्षा असते. १९४३ साली सरकारने तंबाखूवर अबकारी बसविली. तिची झळ शेतकऱ्याच्या मिठा-मिरचीपर्यंत कशी पोहोचली, हे सरकारी अहवाल सांगणार नाहीत. त्या सालच्या खतावण्या सांगू शकतील. मात्र पदरात पायलीभर जोंधळे घेऊन येणारी आणि त्यांच्या बदल्यात तेल-मीठ नेणारी बाई या वह्यांत बहुधा सापडत नाही. रोखीच्या आणि उधारीच्या जगात तिला खातेच नव्हते.

दूधगंगेच्या पलीकडे कागल, अलीकडे कोगनोळी. कागल ही कोल्हापूर संस्थानातील जहागीर. १ मार्च १९४९ रोजी ते संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी कोगनोळी म्हैसूर राज्यात घातली गेली. ही राज्ये बदलली ती कागदावर. मिठाला नदी आडवी आली नाही. २०२१ साली महामारीत कोगनोळीच्या नाक्यावर प्रवाशांचे तपासणी-दाखले मागितले जात होते, तेव्हा पुणे-बंगळूर रस्त्यावरून रोज ये-जा करणाऱ्यांस सीमा म्हणजे काय ते पुन्हा एकदा कळले.

आता १९५६ ते १९६२ या काळातील एखादी वही कोणी उघडून पाहावी. नोव्हेंबर १९५६ मध्ये राज्य बदलले. १ एप्रिल १९५७ रोजी नाणे बदलले. सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि दुकानदारास रकमेचे घर नव्याने आखावे लागले. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मापे बदलली, शेर जाऊन किलो आला. नाणे आणि माप बदलण्याचे हुकूम दुकानदाराने मुकाट्याने पाळले, कारण त्यांवाचून व्यवहार होईना. पण गिऱ्हाइकाचा हिशेब त्याने कोणत्या भाषेत चालू ठेवला? तो प्रश्न आम्ही येथे विचारतो. उत्तर माळ्यावर आहे, आणि ते किलोच्या भावाने विकले जात आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो पोरकट नाही. मोडी हे राज्यकर्त्यांच्या दप्तराचे वळण होते. धारवाडाकडेही पेशवाईनंतर कित्येक वर्षे कचेरीचे कागद मराठीत होत, म्हणून काही धारवाड मराठी ठरत नाही. खरे आहे. तेथील लोकांनी आपल्या शाळांत कन्नड आणली ती न्याय्यच होय. परंतु कचेरीचा कागद सरकारसाठी लिहिला जातो. उधारीची वही दुकानदार स्वतःसाठी लिहितो, आणि वादाच्या वेळी गिऱ्हाइकापुढे वाचून दाखवितो. ती गिऱ्हाइकास कळली नाही तर उधारी वसूल होत नाही! या वह्यांना कचेरीच्या पंक्तीस बसविणारांनी एवढा भेद करावा.

दुसरीकडे आमच्यांतीलच काही उत्साही मंडळी वही म्हणजे वेदवाक्य मानावयास निघतील, त्यांनाही आमचे दोन शब्द आहेत. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांनी दस्तऐवज आणि हिशेबाच्या वह्या हिसकावून जाळल्या. ज्याला वाचता येत नव्हते त्याच्या मानेवर तीच वही बसत होती. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ३४ ने म्हणूनच सांगितले की नियमित ठेवलेल्या वहीतील नोंद पुराव्यात घेता येईल, पण तेवढ्यावरून कोणावर देणे लादता येणार नाही. हाच न्याय आम्हीही आमच्या बाजूस लावून घेतो. एका गावच्या एका वहीने काही सिद्ध होत नाही. वीस गावच्या वह्या, शाळांचे पट, ग्रामपंचायतींची दप्तरे आणि जनगणनेचे आकडे एकत्र ठेवले तर होते. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. एवढ्या काळात किती पोती वह्या गिरणीत लगदा होऊन गेल्या असतील!

आणखी एक अडचण आहे, ती लाजेची. आजोबांची उधारी चव्हाट्यावर यावी असे कोणास वाटेल? वाणी कुटुंबांनाही व्याजाचे आकडे दाखवावयाचे नसतात. ही लाज आम्ही समजतो. अभ्यासकास नावे झाकून भाषा, वस्तू, भाव आणि तारखा देता येतात. मूळ वही घराबाहेर जावी असेही नाही. छायाचित्रे घ्यावीत, वही कोरड्या पेटीत परत ठेवावी, मोडी वाचणारे वृद्ध आहेत तोवर दोन-चार तरुणांनी त्यांच्यापाशी बसून ते वळण शिकून घ्यावे. कोल्हापूरचे पुराभिलेखागार दूर नाही. शिवाजी विद्यापीठही १९६२ पासून तेथेच आहे.

येत्या पाडव्यापूर्वी कोगनोळीच्या, निपाणीच्या आणि आसपासच्या जुन्या दुकानदारांच्या वारसांनी आपापला माळा उतरवून पाहावा. एखादी वही कन्नडात लिहिलेली निघाली तर तीही त्याच पेटीत ठेवावी, ती वेगळी काढून रद्दीत देऊ नये.