घरी शिकणं म्हणजे घरी बसणं नव्हे

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. ती कराड तालुक्यातल्या एका गावात राहते. तिला तीन मुलं. थोरली बारा वर्षांची, गावातल्या उर्दू शाळेत सातवीला. मधला नऊ वर्षांचा, इंग्रजी माध्यमात चौथीला. धाकटी सहा वर्षांची, मराठी शाळेत पहिलीला. म्हणाली, "आपा, तिघांनाही घरीच शिकवावं म्हणतोय आम्ही. तू केलं होतंस ना? कोणता अभ्यासक्रम घेऊ? तिघांना एकच, की तीन वेगळे?"

मी विचारलं, "तिघांनाही काढणार, की फक्त थोरलीला?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सुरुवात थोरलीपासून."

कारण मला विचारावं लागलं नाही. गावातली उर्दू शाळा सातवीला संपते. आठवीसाठी कराडला जायचं म्हणजे रोजची एसटी, नवं माध्यम, नवे लोक. त्यापेक्षा घरीच बरी, असं घरात ठरत आलं होतं. पूर्वी याला शाळा सोडणं म्हणायचे. आता त्यालाच 'होमस्कूलिंग' असं इभ्रतीचं नाव मिळालं आहे.

घरी शिकवण्याला माझा विरोध नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि त्या उघडल्यावरही पुढे काही काळ माझी तिन्ही मुलं सांगलीत घरीच शिकली. म्हणून सांगते, ते जमतं. पण अभ्यासक्रम कसा निवडायचा आणि कसा जोडायचा यावर बरंच अवलंबून असतं, आणि त्या निवडीत घरातल्या मुलीचं काय होतं यावर सगळंच अवलंबून असतं.

पहिल्या वर्षी मी सगळ्यांसारखीच चूक केली. एका कंपनीचे तीन इयत्तांचे तीन संच मागवले. दिसायला देखणे, खिशाला जड. हिशेब मात्र केला नाही. तीन मुलं, प्रत्येकाचे सहा विषय, म्हणजे दिवसाचे अठरा पाठ. एका पाठाला अर्धा तास धरला तरी नऊ तास. त्यात स्वयंपाक, धुणं, दुकानाचा डबा आणि सासूबाईंची औषधं. दिवाळीपर्यंत काय झालं? धाकट्याला शिकवण्याचं काम आपोआप माझ्या सहावीतल्या मुलीकडे गेलं. ती त्याला बाराखडी शिकवत होती आणि तिची अपूर्णांकांची वही कोरी होती. हे माझ्याही लक्षात आलं नाही, तिनंच एक दिवस दाखवलं. "अम्मी, माझा तास कधी?" असं तिनं विचारलं.

तिच्या त्या प्रश्नानंतर मी संच कपाटात ठेवले आणि विषयांचे दोन ढीग केले.

पहिला ढीग पायऱ्यांच्या विषयांचा. गणित आणि वाचन-लेखन. इथे खालची पायरी चुकली की वरची सापडत नाही, म्हणून प्रत्येकाला त्याच्या पायरीवरूनच शिकवायचं. रोज प्रत्येकाला चाळीस मिनिटं, आणि ती त्याच्या एकट्याची. इयत्ता कोणती याचा इथे संबंध नाही. तिसरीतल्या पोराला दुसरीचं गणित येत नसेल तर दुसरीचंच पुस्तक घ्यायचं, लाजायचं नाही.

दुसरा ढीग अंगणातल्या विषयांचा. विज्ञान, इतिहास, भूगोल, गोष्टी, चित्रकला, नबींच्या जीवनातले प्रसंग. हे तिघांनी एकत्र शिकायचं, प्रत्येकानं आपापल्या उंचीनं. अठरा पाठांचे असे आठ-नऊ होतात आणि आईला श्वास घेता येतो.

उदाहरण सांगते. आमच्या घरी एक पूर्ण पावसाळा कृष्णा नदीवर गेला. सांगलीत पाऊस वाढला की सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर? चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या पुढे गेलं होतं, ते या मुलांनी पाहिलं आहे. धाकट्यानं पुलाचं चित्र काढून त्यावर रोजची पातळी रंगवली. मधल्यानं आलेख काढला आणि कालच्यापेक्षा किती वाढलं याची वजाबाकी केली. थोरलीनं कोयनेतून किती क्युसेक पाणी सोडलं ते रोज वर्तमानपत्रातून टिपलं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे अठ्ठावीस लिटर. तिनं ते गुणून पाहिलं आणि डोळे मोठे केले. मग अलमट्टी कुठे, कोयना कुठे, म्हणून नकाशा पसरला. एकाच विषयात तीन इयत्ता बसल्या.

मिरजेत सतारमेकरांकडे गेलो तेव्हाही तसंच झालं. तिथल्या शिकलगार घराण्यांतली पोरं भोपळा कापणं, लाकूड तासणं, तारा जुळवणं घरातच बघत बघत शिकत आली. तिथे कुणी कुणाला इयत्ता विचारत नाही. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते त्या घरच्या शिक्षणाचंच प्रमाणपत्र म्हणायचं. आमच्या धाकट्यानं तिथे तार छेडून पाहिली. थोरलीला कळलं की तार बरोबर मध्यावर दाबली की स्वर एक सप्तक वर जातो. अपूर्णांक कशासाठी असतात, हे तिला त्या दिवशी कानानं समजलं.

आता पुस्तकांचं. कणा म्हणून मी बालभारतीच घेतली आणि बहिणीलाही तेच सांगितलं. एक तर ही पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. दुसरं कारण खास आपल्यासाठी आहे. आपल्या घरात दख्खनी, गल्लीत मराठी, मक्तबात अरबी-उर्दू आणि मोबाईलवर हिंदी-इंग्रजी असते. बहिणीच्या एका घरात तर तीन माध्यमं आहेत. भाषेचं पुस्तक प्रत्येक माध्यमाचं वेगळं असतं, पण गणित आणि विज्ञानाचे धडे मराठी, उर्दू, इंग्रजीत तेच असतात. म्हणून दोन पुस्तकं शेजारी शेजारी उघडून बसता येतं. उर्दूतला 'मुसल्लस' म्हणजे मराठीतला त्रिकोण, 'कसर' म्हणजे अपूर्णांक. मुलीला गणित येतच असतं, शब्द तेवढे नवे असतात. रोज दहा शब्दांची वही केली तर एका उन्हाळी सुट्टीत उर्दूतून मराठीत येता येतं. माध्यम बदलण्याची भीती बहुतेक वेळा मुलीपेक्षा आईबापांनाच जास्त असते.

कण्याला मांस बाकीच्या साहित्यानं येतं. एनसीईआरटीची पुस्तकं उर्दूतही आहेत. स्टोरीवीव्हरवर मराठी आणि उर्दू गोष्टी फुकट वाचायला मिळतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक संकेतस्थळावर आहेत. अरविंद गुप्ता यांची टाकाऊ वस्तूंची खेळणी आहेत. महागडा संच घेण्याआधी हे सगळं वापरून बघा. माझा नियम असा की कणा एकच ठेवायचा. तीन मंडळांचे तीन अभ्यासक्रम थोडे थोडे घेतले तर एकही पूर्ण होत नाही.

कुरआनचा नाझरा सकाळी मक्तबात होत होता, तो तिथेच राहू दिला. घरी शिकवतो म्हणून दिवसभर तेवढंच, असं केलं नाही. मदरसे आणि वैदिक पाठशाळा २०१२ च्या दुरुस्तीनं शिक्षणहक्क कायद्याबाहेर आहेत. म्हणजे तिथे जाणाऱ्या मुलाचं गणित-विज्ञान बघणं ही उलट आपलीच जबाबदारी वाढते.

अभ्यासक्रम निवडताना सगळ्यात आधी शेवटचं दार बघायचं, हे मी उशिरा शिकले. दहावीची परीक्षा कुठून देणार? राज्य मंडळाची खासगीरीत्या द्यायची तर १७ नंबरचा फॉर्म आहे. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, म्हणून तो जपून ठेवा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची, दहावी वयाची चौदा वर्षं पूर्ण झाली की देता येते. वर्षातून दोनदा परीक्षा असते, मराठी आणि उर्दू माध्यमही आहे. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी आणि आठवीसाठीही सोय आहे. आणि २००९ चा शिक्षणहक्क कायदा नीट वाचा. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे त्यातल्या कलम १० नं पालकांचं कर्तव्य ठरवलं आहे. घरच्या शिक्षणासाठी वेगळी तरतूद नाही आणि पालकांना शिक्षाही सांगितलेली नाही. पण कलम ४ फार कामाचं आहे. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळतो. परतीची वाट उघडी आहे, ती विसरू नका.

आता पुन्हा थोरलीकडे येते.

सातारा जिल्ह्यातलं कटगुण हे जोतीराव फुले यांचं मूळ गाव. जोतीरावांना लहानपणी वडिलांनी शाळेतून काढून शेतात कामाला लावलं होतं. त्यांना पुन्हा शाळेत घाला म्हणून ज्यांनी वडिलांचं मन वळवलं त्यांत शेजारचे गफ्फार बेग मुन्शी होते, उर्दू-फारसी शिकवणारे. त्यानंतर १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. पुढे त्यांनी सावित्रीबाईंना घरीच शिकवलं. सावित्रीबाई नायगावच्या, म्हणजे याच जिल्ह्यातल्या. घरी शिकून त्या घरी बसल्या नाहीत, १८४८ मध्ये मुलींच्या शाळेत शिकवायला उभ्या राहिल्या. १८५६ मध्ये आजारपणामुळे त्या नायगावला माहेरी होत्या. तिथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी फातिमावर कामाचा भार पडत असेल, अशी काळजी केली आहे.

या इतिहासात घरचं शिक्षण आहे आणि मुसलमान शेजारीही आहे. त्या शेजाऱ्यानं मुलाला घरातून शाळेकडे नेलं. आपण आज उलट्या दिशेनं चाललो आहोत का, एवढाच माझा प्रश्न आहे.

म्हणून कुणी मला अभ्यासक्रम विचारला की मी आधी तीन गोष्टी विचारते. घरातल्या मुलीला आणि मुलाला तेच बीजगणित, तेच विज्ञान मिळणार का? मुलगी शिकणार की भावंडांना शिकवणार? आणि तिची दहावी कोणत्या मंडळाची, कोणत्या वर्षी, हे कागदावर लिहिलंय का? यातल्या एकाचंही उत्तर डळमळीत असेल तर ते होमस्कूलिंग नव्हे. मग मुलीला शाळेतच जाऊ द्या.

चौथी गोष्ट मुलगा-मुलगी दोघांची आहे. शाळा पुस्तकांइतकीच दुसऱ्यांची मुलंही देते. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उघडलं तेव्हा वेगवेगळ्या जातिधर्मांची पोरं एका पंगतीत बसवली. तोही त्यांचा अभ्यासक्रमच होता. आपलं पोर फक्त आपल्याच मोहल्ल्यात वाढलं, तर मराठा, जैन, बौद्ध मुलाशी भांडून पुन्हा गट्टी कशी करायची हे त्याला कोण शिकवणार? घरी शिकवणाऱ्यांनी मैदान, नगर वाचनालय, विज्ञान मेळावा, यातलं एक तरी दर आठवड्याला ठेवायलाच हवं. मी दुसऱ्या वर्षाअखेर तिघांनाही शाळेत परत पाठवलं, त्याचं मोठं कारण हेच होतं.

तुमच्यापैकी अनेकांना अजून मुलं नसतील. पण घरात धाकटी बहीण असेल, मामाची किंवा खालाची मुलगी असेल. तिचं काय करायचं याची चर्चा मोठी माणसं करतात तेव्हा तुम्ही त्याच खोलीत असता. १७ नंबरचा फॉर्म, एनआयओएस, वयानुरूप प्रवेश हे शब्द तिथे पहिल्यांदा तुमच्याच तोंडून निघतील. गफ्फार बेग मुन्शींकडे तरी याहून जास्त काय होतं?

बहिणीला मी विषयांचे दोन्ही ढीग समजावले. मधल्याचं आणि धाकटीचं काय करायचं ते जूनपर्यंत ठरवा, घाई नाही, असं सांगितलं. थोरलीसाठी मात्र एकच माहिती दिली. गावातून शाळेला जाणाऱ्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. तिचा नवरा अजून तयार नाही. पण परवा भाचीनंच फोन केला. म्हणाली, "खाला, कसरला मराठीत अपूर्णांक म्हणतात ना? मग शुमार कुनिंदाला काय म्हणतात?"

अंश म्हणतात, असं मी सांगितलं. तिची वही सुरू झाली आहे.