अठरा पूर्ण होईपर्यंत चावी पोराच्या हातात देऊ नका

सांगलीच्या विश्रामबागमधल्या आईवडिलांनो, आजीआजोबांनो आणि हो, लाडक्या मामांनोही,

दहावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले. अकरावीचं कॉलेज आणि क्लास सुरू व्हायला थोडेच दिवस उरलेत, आणि आपल्याकडे बऱ्याच घरांत सध्या एकच बोलणं चाललंय: पोराला गाडी घ्यायची का? नव्वद टक्के पडले तर गाडी, असा शब्द कुणी परीक्षेआधीच देऊन बसलंय. कुणाच्या घरी आईची स्कूटर दुपारभर रिकामीच उभी असते. कुणाला काळजी वाटते, की क्लास सुटेपर्यंत अंधार पडतो, पोरगी रिक्षासाठी कुठं ताटकळत बसणार? शोरूममध्ये पैसे भरण्याआधी पाच मिनिटं काढून हे वाचा. मागणी एवढीच आहे: अठरा पूर्ण होईपर्यंत मुलाला गाडी चालवायला देऊ नका, आणि मधली दोन वर्षं त्याला रस्ता शिकवण्यात घाला. तातडीनं लिहायचं कारण असं, की एकदा चावी दिली की ती परत मागणं कुठल्याच घरात जमत नाही.

संध्याकाळी क्लास सुटायच्या वेळेला विश्रामबाग चौकात दहा मिनिटं उभं राहून बघा. विलिंग्डन कॉलेज इथं १९१९ पासून आहे, वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ पासून. त्यामुळं पोरांची वर्दळ या भागाला नवी नाही. पूर्वी ती वर्दळ सायकलींची होती, आता ती गाड्यांची आहे, एवढाच फरक. पण हा फरक जीव घेणारा आहे. एका स्कूटरवर तिघं. पुढच्या पायठेवणीवर दप्तर, त्यामुळं चालवणाऱ्याचे गुडघे बाहेर फाकलेले. मोबाइल कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला, म्हणून मान वाकडी. उजवीकडून मिरजेकडं निघालेली एसटी येतेय आणि मान वळली आहे डावीकडं. हेल्मेट नाहीच, असलं तर डिकीत. हा मुलगा वाईट नाही, उनाडही नाही. वर्गात बहुधा पहिल्या पाचात असेल. त्याला गाडी पळवता येते. ती थांबवायची कुठं आणि केव्हा, हे मात्र कुणी शेजारी बसून सांगितलेलं नाही.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. आकडा वाचून आपण पान उलटतो, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही. कायद्याबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण ‘पकडलं तर पाचशे रुपये देऊन सुटू’ हा समज आपल्याकडं अजून घट्ट आहे.

१ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलंय. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन नाही. पक्कं नाही आणि शिकाऊही नाही. हे सगळं लागू व्हायला अपघातच व्हावा लागतो असं नाही. लायसन नसताना गाडी चालवणं हाच गुन्हा आहे. आणखी एक मेख आहे. मुलानं गाडी तुमच्या संमतीनंच नेली, असं कोर्ट आधी गृहीत धरतं. नाही म्हणायचं असेल तर ते तुम्ही सिद्ध करायचं. चावी दाराजवळच्या हुकाला आणि पोरगं रोज सहा वाजता गाडीवर. हे अख्ख्या गल्लीला माहीत असताना काय सिद्ध करणार?

पंचविशीपर्यंत लायसन नाही, म्हणजे काय होतं? पोरगं इंजिनिअर होऊन पुण्याला नोकरीला लागेल आणि तिथंही त्याला दुसऱ्याच्या मागेच बसून जावं लागेल. दंडापेक्षा हे जास्त झोंबणारं आहे, म्हणून मुलांना सांगताना हेच आधी सांगा.

‘विमा आहे की’ असं म्हणणाऱ्यांसाठी. दुसऱ्याचा जीव गेला तर विमा कंपनी भरपाई देते खरी, पण चालवणाऱ्याकडं लायसन नव्हतं हे दिसलं, की तीच रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करायची परवानगी तिला मिळू शकते. २०११ साली सर्वोच्च न्यायालयापुढं आलेल्या एका प्रकरणात मालकाचं म्हणणं होतं, की अल्पवयीन पुतण्या घरी आला आणि न विचारता मोटारसायकलची चावी घेऊन गेला. तेवढ्यानं मालक सुटला नाही. मामांना सुरुवातीलाच हाक मारली ती यासाठी. सुट्टीत भाचा आला की ‘जा, एक चक्कर मारून ये’ म्हणणारे आपणच असतो.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर त्याला जामीन मिळाला, म्हणून देशभर संताप झाला. पुढं मुलाच्या वडिलांना आणि आजोबांनाही अटक झाली. ते प्रकरण आपण बड्या घरचं म्हणून बाजूला ठेवतो. गाडी महाग होती, हे खरं. पण वय सतरा, लायसन नाही आणि गाडी घरची, या तीन गोष्टी विश्रामबागच्या कुठल्याही अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये सापडतील.

आता पळवाटा. सोळाव्या वर्षी लायसन मिळतं असं कुणीतरी सांगतं. मिळतं, पण फक्त बिनगियरच्या आणि ५० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी, तेही पालकांच्या लेखी संमतीनं. ती तरतूद लुनाच्या जमान्याची. आज शोरूममध्ये दिसणाऱ्या पेट्रोलच्या स्कूटर शंभर सीसीच्या वरच्या, म्हणजे त्या लायसनचा त्यांना काडीचा उपयोग नाही. दुसरी पळवाट बॅटरीच्या गाडीची. २५० वॉटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या ई-बाइकला लायसन लागत नाही, हे बरोबर आहे. पण दुकानदारानं ‘साहेब, वेग थोडा वाढवून देतो’ म्हटलं आणि तुम्ही मान डोलावली, की ती कायद्यानं मोटार झाली आणि तुम्ही पुन्हा कलम १९९अ मध्ये. तिसरी पळवाट ग्राउंडची: रस्त्यावर नाही हो, मोकळ्या मैदानावर शिकवतो. जिथं लोकांना यायजायचा हक्क आहे ती जागा कायद्याच्या लेखी सार्वजनिकच.

मग मुलानं दोन वर्षं करायचं काय?

सायकल. यावर हसू नका. शंभर फुटी रस्त्यावर सायकल चालवणाऱ्याला मागून येणारा ट्रक आवाजावरून ओळखायला येतो. खड्डा चुकवण्याआधी मागं बघायची सवय लागते. दार उघडायच्या बेतात असलेली उभी मोटार कळू लागते. दूर राहणाऱ्यांसाठी एसटी आहे. सांगली-मिरजेची शहर बस एसटीच चालवते. विद्यार्थ्याला पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, आणि बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट. बस क्लासच्या वेळेला नसते, ही तक्रार रास्तच आहे. पण ती घेऊन आगारात किती पालक गेले? दहा पालकांच्या सह्यांचं एक पत्र द्यायला गाडीच्या पहिल्या हप्त्याइतकेही पैसे लागत नाहीत.

आणि तुमची स्वतःची गाडी. रविवारी पोराला मागे बसवा, दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट, आणि चालवता चालवता मोठ्यानं बोला. ‘ही एसटी थांबली, म्हणजे पुढून कुणीतरी रस्ता ओलांडणार.’ ‘या रिक्षाचं पुढचं चाक वळलंय, इंडिकेटर नसला तरी ती वळणार.’ ‘हा स्पीडब्रेकर रंगवलेला नाही, पण पुढचे सगळे इथं दबकतात बघ.’ महिनाभरानं उलट करा: त्यानं बोलायचं, तुम्ही चालवायचं. पहिल्या पावसात तर मुद्दाम न्या. उन्हाळाभर साठलेलं तेल आणि धूळ रस्त्यावर चिखलासारखी पसरते, आणि पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक सरकतं. हे मागं बसूनही कळतं. १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एक ब्रेक दाबला की दोन्ही लागतात, अशी सोय २०१९ पासून सक्तीची आहे. म्हणून घरची गाडी जुनी की नवी, हेही पोराला ठाऊक हवं. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की संध्याकाळनंतर उसाचा ट्रॅक्टर दाखवा. मागं दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारा ऊस, रिफ्लेक्टर असला तर असला. त्याच्या मागं किती अंतर ठेवायचं, आणि ओव्हरटेक करायचा मोह कसा गिळायचा, हे सांगलीत राहणाऱ्याला कुठलंही पुस्तक शिकवणार नाही. ते तुम्हीच शिकवायचं.

ही तुमचीही परीक्षा आहे. मागं बसलेला पोरगा तुम्ही तोडलेला प्रत्येक लाल सिग्नल मोजतो.

अठरावा वाढदिवस झाला की लगेच शिकाऊ लायसनला अर्ज करा. महाराष्ट्रात २०२१ पासून आधारच्या आधारे ही परीक्षा घरबसल्या देता येते. साठ टक्के उत्तरं बरोबर आली की पास. इथं एक विनंती आहे, हात जोडून: शेजारी बसून उत्तरं सांगू नका. नापास झाला तर होऊ द्या. शिकाऊ लायसन सहा महिने चालतं आणि पक्क्यासाठी किमान तीस दिवस थांबावं लागतं. हे तीस दिवस फुकट घालवायचे नाहीत. पुढं-मागं लाल रंगात ‘एल’ लावा, पक्कं लायसन असलेलं मोठं माणूस सोबत ठेवा. शिकत असताना मित्राला मागं बसवायचं नाही, हा नियम आहे, सल्ला नव्हे. मोटार शिकायची तर मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घाला, आणि २१ दिवसांचा कोर्स व त्यात प्रत्यक्ष स्टिअरिंगवर दहा तास हे नियमातलं माप पुरं करून घ्या. ‘आठ दिवसांत शिकवतो, आठ आकडा मी काढून घेतो’ म्हणणाऱ्या एजंटाला बाहेरूनच नमस्कार करा. आठ काढून मिळालेलं एमएच १० चं लायसन पुढं पुण्या-मुंबईच्या हायवेवरही चालतं. पोरगं तिथं कसं चालवेल, ते त्या तीस दिवसांवर ठरतं.

क्लास चालवणाऱ्या सरांनो, मॅडमनो, तुमच्या दारात रोज पन्नास गाड्या लागतात आणि त्या कुणाच्या आहेत हे तुम्हाला नावानिशी ठाऊक आहे. यंदा प्रवेशाच्या फॉर्मवर एक ओळ वाढवा: विद्यार्थी कशानं येणार? अठराच्या आतला असेल आणि उत्तर ‘गाडी’ आलं, तर पालकांना बोलावून घ्या. क्लास पाच मिनिटं आधी सोडून शेवटची बस गाठता येत असेल तर तेही करा. शोरूमवाल्यांनो, गाडी कोण चालवणार हे तुम्ही पहिल्याच भेटीत विचारता, रंग दाखवायला. तेव्हाच वयही विचारा.

अपार्टमेंटच्या अध्यक्षांनी या रविवारी पार्किंगमध्येच एक छोटी बैठक घ्यावी. अजेंडा नको. ज्या घरांत सोळा-सतराची मुलं आहेत त्या घरांनी मिळून ठरवायचं, की आपल्यातलं कुणीच देणार नाही. एकट्या घराला ‘त्याला दिली, मला का नाही’ हे रोज ऐकावं लागतं. सगळ्यांनी मिळून ठरवलं तर पोरांचा हा युक्तिवादच संपतो. दोन-तीन घरांची ये-जा मोठ्या माणसांनी वाटून घ्यायची का, हेही तिथंच ठरवा. सोमवारी अमक्याचे बाबा, मंगळवारी तमक्याची आई.

गाडी आधीच बुक झाली असेल तर रद्द करा असं म्हणत नाही. येऊ द्या, पूजा करा, आईनं चालवावी. दुसरी चावी मात्र कुलपात ठेवा, आणि ते कुठलं कुलूप हे पोराला कळू देऊ नका.