तात्पर्याविना प्राणिकथा

प्राणिकथा म्हटली की कोल्हा लबाड, अस्वल वेंधळे आणि शेवटी तात्पर्य, हा साचा आमच्या घरांतून अजून सुटत नाही. तो आम्हांस अमान्य आहे. खऱ्या अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी फुरका मारून ओढते आणि तो आवाज दूरवर जातो. पिल्ले आईच्या पाठीवर बसून हिंडतात. याहून गमतीचे कोण काय रचणार? हेमलकशाच्या बिबळ्याची हकीकत सांगणारे विलास मनोहरांचे ‘नेगल’ मराठीत असता मुलांना उपदेशक कोल्हेच का द्यावेत? महाराष्ट्राबाहेर वाढणारी आमची मुले उपदेशासाठी मराठी वाचणार नाहीत. हसण्यासाठी मात्र वाचतील. येत्या सुट्टीत हे पुस्तक घरी मोठ्याने वाचावे, एवढाच आमचा आग्रह.