सागरी मंडळ मुंबईत, होडी हतनूरच्या पाण्यात

ईदच्या सुटीत आपल्याकडची पोरं चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमावर जातात. हतनूर धरणाचं पाणी तिथपर्यंत पसरलेलं. होडी दिसली की बसायचंच! पण तिची नोंदणी कुठे झाली, किती माणसं बसवायची, हे आपल्यापैकी किती जण विचारतात?

राज्यातल्या छोट्या बंदरांचं आणि प्रवासी बोटींच्या परवान्यांचं काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. १९९६च्या कायद्याने ते उभं राहिलं. नावातच सागर, आणि लक्षही तिकडेच. ते समजण्यासारखं आहे, कारण मोठे घाव समुद्रानेच दिले. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली.

नदीसाठी १९१७चा कायदा होता, पण तो वाफेच्या आणि पुढे इंजिनाच्या बोटींसाठी. वल्ह्याची होडी त्यातून सुटली ती सुटलीच.

त्याची किंमत खान्देशाने मोजली आहे. जानेवारी २०१९मध्ये, ऐन संक्रांतीला, नंदुरबार जिल्ह्यात धडगावजवळ नर्मदेत माणसांनी खच्चून भरलेली बोट उलटली. किमान सहा आदिवासी बुडाले. मे २०२४मध्ये उजनी जलाशयात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, तिथेही सहा गेले. दोन्ही ठिकाणी समुद्र जवळपासही नव्हता.

मुंबईत तरी सगळं ठीक होतं का? १८ डिसेंबर २०२४ला एलिफंटाकडे जाणाऱ्या 'नीलकमल'वर नौदलाची स्पीडबोट आदळली, १५ जण गेले. धडकेचा दोष प्रवासी बोटीचा नव्हता. पण परवान्यापेक्षा जास्त माणसं तिच्यावर होती, हेही तेव्हाच बाहेर आलं. म्हणजे नुसत्या कागदाने भागत नाही. धक्क्यावर डोकी मोजणारा माणूस लागतो.

आमच्या मते खरी बातमी २०२१च्या नव्या अंतर्देशीय जलयान कायद्यात आहे, आणि तिच्याकडे फार कमी लोकांनी पाहिलं. बिनइंजिनाच्या होड्यांचीही नोंद व्हावी आणि ते काम स्थानिक स्वराज्य संस्थांपर्यंत यावं, अशी सोय त्यात केली आहे. तेव्हा मुंबईला अर्ज पाठवण्याआधी वरणगाव नगरपरिषदेत आणि काठच्या ग्रामपंचायतींत विचारा: होड्यांची वही उघडली का? लाइफ जॅकेट किती आहेत, लहान मुलांच्या मापाची आहेत का?

पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडायच्या आत याचं उत्तर मिळायला हवं.