मधल्या संस्थांची कोंडी

अमेरिकी सरकारचे कामकाज १ ऑक्टोबर २०२५ रोजी ठप्प झाले, ते १२ नोव्हेंबरच्या रात्री पूर्ववत सुरू झाले. ४३ दिवसांची ही कोंडी त्या देशाच्या इतिहासातील सर्वांत दीर्घ ठरली. आधीचा विक्रम २०१८-१९ मधील ३५ दिवसांचा होता. या काळात विमानतळांवरील गोंधळ आणि पगाराविना राबणारे कर्मचारी यांच्या बातम्या गाजल्या. त्या तुलनेत कमी चर्चा झाली ती पूर्वी ‘फूड स्टॅम्प’ आणि आता ‘स्नॅप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अन्नसाह्याची. सुमारे ४ कोटी २० लाख लोक तेव्हा या योजनेवर अवलंबून होते. नोव्हेंबरचा हप्ता वेळेवर देणार नाही, असे कृषी खात्याने जाहीर केले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि दरम्यान काही राज्यांत पैसे जमा झाले, काही राज्यांत झालेच नाहीत. आपले राज्य कोणत्या यादीत आहे, हेही अनेक कुटुंबांना ठाऊक नव्हते.

अशा वेळी ही कुटुंबे ज्यांच्या दारात जाऊन उभी राहतात, त्यांत ‘कम्युनिटी अ‍ॅक्शन एजन्सी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्थानिक संस्था प्रमुख आहेत. देशभरात त्या सुमारे एक हजार आहेत आणि जवळपास प्रत्येक कौंटी त्यांच्या कार्यक्षेत्रात येते. त्यांतील बहुतेक संस्था नफ्यासाठी चालत नाहीत. काही मात्र थेट स्थानिक प्रशासनाचा भाग आहेत. गरीब कुटुंब आणि सरकार यांच्यामध्ये उभे राहणे हे त्यांचे काम. नोकरी जाणे, आजारपण, घरभाडे थकणे ही अनिश्चितता त्यांना नवी नाही. २०२५ मध्ये फरक पडला तो असा, की अनिश्चितता सरकारकडूनच येऊ लागली आणि संस्थांचा खर्चही त्याच सरकारच्या पैशावर चालत होता.

या रचनेचे मूळ १९६४ मध्ये आहे. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ‘दारिद्र्याविरुद्ध युद्ध’ पुकारले आणि त्याच वर्षी आर्थिक संधी कायदा संमत झाला. कार्यक्रम आखताना व राबवताना गरिबांचा ‘शक्य तितका जास्तीत जास्त सहभाग’ असावा, असे त्यात लिहिले गेले. बॉस्टनमधील एबीसीडी ही संस्था त्यापूर्वीच, १९६२ मध्ये उभी राहिली होती; अशा प्रयोगांचे रूपांतर राष्ट्रीय धोरणात झाले. सहभागाचे ते वाक्य मात्र शहरांच्या महापौरांना लवकरच जड गेले. आपल्याच शहरात, आपल्याला न विचारता, वॉशिंग्टनचा पैसा घेऊन कोणी आपल्याविरुद्ध मोर्चे काढावेत, हे कोणत्या महापौराला रुचेल? १९६७ मधील दुरुस्तीने स्थानिक प्रशासनांना या संस्थांवर ताबा घेण्याची मुभा मिळाली. १९७३ मध्ये निक्सन प्रशासनाने हा सारा कारभार गुंडाळण्याचा प्रयत्न केला, त्याला न्यायालयात अटकाव झाला. १९८१ मध्ये रेगन यांनी केंद्रीय यंत्रणा मोडीत काढून त्याऐवजी राज्यांमार्फत जाणारे एकत्रित अनुदान सुरू केले. तेच आजचे ‘कम्युनिटी सर्व्हिसेस ब्लॉक ग्रँट’.

जुन्या कल्पनेचा एक अंश अजून टिकून आहे. संस्थेच्या संचालक मंडळात एक तृतीयांश निवडून आलेले लोकप्रतिनिधी वा त्यांचे प्रतिनिधी, किमान एक तृतीयांश गरीब वस्त्यांचे प्रतिनिधी आणि उरलेले उद्योग, शिक्षण, धर्मसंस्था आदी क्षेत्रांतील लोक असावेत, असे कायदा सांगतो. राज्याला मिळालेल्या अनुदानातील किमान ९० टक्के रक्कम स्थानिक संस्थांपर्यंत पोहोचवावी लागते. हे अनुदान वर्षाला सुमारे ७७ कोटी डॉलर आहे. अमेरिकेचा केंद्रीय खर्च सात लाख कोटी डॉलरच्या घरात असल्याने हा वाटा दहा हजारांत जेमतेम एक रुपया म्हणावा इतका. पण या पैशाचे मोल त्याच्या आकारात नाही. बाकीचा निधी विशिष्ट योजनेला बांधलेला असतो: हीटिंगचा हीटिंगला, बालवाडीचा बालवाडीला. कार्यालयाचे भाडे, अर्ज भरून देणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार आणि कोणत्याच चौकटीत न बसणारी अडचण यांना पुरतो तो हाच लवचीक पैसा.

थंडीतील उबेचे उदाहरण घेतल्यास हे अधिक स्पष्ट होईल. मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात आर्थिक अडचणीतील घरांचा गॅस वा वीजपुरवठा १५ नोव्हेंबर ते १५ मार्च या काळात तोडता येत नाही. परंतु ईशान्येकडील असंख्य जुनी घरे तेलावर तापवली जातात. तेल पुरवणारा हा खासगी व्यापारी. टाकी रिकामी झाली तर पैसे मिळाल्याशिवाय तो टँकर पाठवत नाही, आणि शंभर गॅलनपेक्षा कमी तेल आणून देण्यास अनेकदा तयारही नसतो. हातात थोडी रक्कम असलेल्या कुटुंबाला थोडे तेल घेण्याची सोय उरत नाही. येथे ‘लाइहीप’ ही केंद्रीय इंधनसाह्य योजना उपयोगी पडते. सुमारे ६० लाख कुटुंबांना तिचा लाभ होतो आणि अनेक राज्यांत तिचे अर्ज कम्युनिटी अ‍ॅक्शन संस्थाच हाताळतात. तेलासाठी आलेल्या कुटुंबाची चौकशी करताना कर्मचाऱ्याला कळते की लहान मूल ‘हेड स्टार्ट’ बालवाडीस पात्र आहे, घराच्या खिडक्यांतून वारा येतो, करसवलतीचा अर्ज कधी केलेलाच नाही. एका अर्जातून चार कामे होतात.

२०२५ मध्ये ही साखळी अनेक ठिकाणी एकाच वेळी ताणली गेली. १ एप्रिलच्या कर्मचारीकपातीत आरोग्य खात्यातील लाइहीप चालवणारा संपूर्ण चमू घरी पाठवण्यात आला, तोही त्या वर्षाच्या निधीचा शेवटचा हिस्सा वाटायचा शिल्लक असताना. मे महिन्यात प्रशासनाने अर्थसंकल्पात लाइहीप आणि ब्लॉक ग्रँट ही दोन्ही अनुदाने शून्यावर आणण्याचा प्रस्ताव ठेवला. मग शटडाऊन आले. एरवी थंडीच्या तोंडावर राज्यांकडे जाणारा इंधनसाह्याचा निधी नोव्हेंबरअखेर सुटला. ज्या हेड स्टार्ट केंद्रांच्या अनुदानाचे वर्ष १ नोव्हेंबरला सुरू होत होते, त्यांतील काहींना दारे बंद करावी लागली.

धर्मादाय संस्था ही पोकळी भरून काढतील, असा युक्तिवाद अशा वेळी हमखास होतो. अन्नपेढ्यांचा महासंघ ‘फीडिंग अमेरिका’चा हिशेब वेगळे सांगतो: त्यांच्या जाळ्यातून एक जेवण जाते, तेव्हा स्नॅपमधून नऊ जेवणे जातात. नऊ बंद पडल्यावर एकाने किती धावायचे, हे शाळकरी गणित आहे.

हा प्रश्न एका पक्षापुरता मात्र नाही. शिकागोच्या वस्त्यांत संघटक म्हणून उमेदवारी केलेल्या बराक ओबामा यांनीही २०११ मध्ये हे अनुदान निम्मे करून ३५ कोटी डॉलरवर आणण्याचा आणि ते स्पर्धेतून देण्याचा प्रस्ताव मांडला होता. त्यामागचा आक्षेप पोकळ नव्हता. त्याच त्या संस्थांना कामगिरी न तपासता वर्षानुवर्षे पैसा मिळतो, अशी तक्रार होती. केंद्राची देखरेख सैल असल्याचे संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००६ मध्येच दाखवून दिले होते. देखरेख घट्ट करण्याचा उपाय उघड होता. प्रस्ताव मात्र कपातीचा आला. काँग्रेसने तो मानला नाही, तसा ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतील पूर्ण बंदीचा प्रस्तावही मानला नाही. दोन्ही पक्षांच्या खासदारांच्या मतदारसंघांत या संस्था आहेत, हे त्याचे साधे कारण. तरी दरवर्षी टांगती तलवार राहिली की अनुभवी कर्मचारी टिकत नाहीत, आणि ज्याला चाळीस नियम तोंडपाठ आहेत असा माणूस गेला तर त्याची जागा लगेच भरता येत नाही.

नियम तर वाढतच आहेत. ४ जुलै २०२५ रोजी झालेल्या कायद्याने स्नॅपसाठी कामाची अट ५४ ऐवजी ६४ वर्षांपर्यंत नेली आणि १४ वर्षांवरील मुलांच्या पालकांनाही ती लागू केली. योजनेच्या प्रशासकीय खर्चातील राज्यांचा वाटा ऑक्टोबर २०२६ पासून ५० वरून ७५ टक्के, आणि चुकांचे प्रमाण जास्त असलेल्या राज्यांवर ऑक्टोबर २०२७ पासून प्रत्यक्ष अन्नसाह्याच्याही १५ टक्क्यांपर्यंतचा भार, अशी त्यात तरतूद आहे. आरोग्यसाह्याच्या ‘मेडिकेड’ योजनेत अनेक प्रौढांना महिन्याला ८० तास काम केल्याचा पुरावा द्यावा लागेल. त्यासाठी राज्यांना १ जानेवारी २०२७ ही मुदत आहे. तो पुरावा कसा जोडायचा, हे विचारायला लोक याच कार्यालयांत येतील.